पाऊल केवढं घ्यायचं

भाऊ : खरं सांगू? हा नवा कृत्रिम पायही टोचतोय. पहिल्यासारखाच.

ताई : आणि इतके दिवस मला ‘मस्त आहे’ म्हणून थापा मारत होतास?

भाऊ : माझ्या पायासाठी तू संगणकापुढे डोळे फोडत होतीस. तोंड उघडवेना.

ताई : शहाणाच आहेस! गुडघ्याखालची कातडी सोलून निघाली तरी गप्प? संगणक म्हणतो, तुझा पाय ज्यात बसतो ती वाटी, ते सॉकेट, याहून चांगलं होऊच शकत नाही... थांब. अरे, हा तर जुन्याच मापांवर बसून राहिलाय!

भाऊ : मी गाणं शिकवणारा माणूस. मला कळेल असं बोल.

ताई : हे बघ, सॉकेटची जाडी तो किंचित बदलून बघतो. कातडीवरचा दाब वाढला की कमी झाला, त्यावरून पुढची दिशा ठरवतो. ते ‘किंचित’ केवढं, हे मी ठरवते. मी ते अगदी बारीक ठेवलं. वाटलं, जितकं बारीक तितकं अचूक.

भाऊ : मग बिघडलं कुठे?

ताई : दाबाच्या आकड्यातही शेवटच्या अंकांत थोडी गडबड असतेच. माझा बदल त्या गडबडीतच बुडाला. खरा फरक त्याला दिसलाच नाही. मग कुठेही जा, सारखंच, असं समजून बसला.

भाऊ : मग घे की मोठं पाऊल!

ताई : फार मोठं घेतलं तर चांगली जागा मधेच ओलांडून जाईल. मोठ्यापासून सुरू करून लहान लहान करत जायचं. पाऊल थोडं बदललं तरी ज्या टप्प्यात उत्तर फारसं हलत नाही, तिथलं पाऊल धरायचं.

भाऊ : हे आधी का नाही केलंस?

ताई : घाई झाली रे. तू कुबड्या घेऊन वर्गात जायचास ना, बघवत नव्हतं.

भाऊ : रडतेस काय वेडाबाई? मी खोटं बोललो, तू घाई केलीस. फिट्टंफाट. चल, लाव तुझा संगणक कामाला.

(काही दिवसांनी, कार्यशाळेत. भावाच्या पायाला नवं सॉकेट.)

ताई : हळू. कठडा धर. खुपतंय का? यावेळी खरं सांग हं.

(भाऊ कठडा सोडून दाराकडे चालू लागतो.)

ताई : अरे, बोल ना! कुठे निघालास? दार बंद आहे तिकडचं!

भाऊ : मग उघड की.