मागचा डावा टायर कसा आहे?

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या संघाचे मालक; व्यासपीठावरचे मुख्य अभियंता आणि डॉक्टरसाहेब; पहिल्या रांगेतल्या मामी; गॅरेजमधले माझे सगळे सोबती; आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या शर्यतीच्या गाडीचे चालक, आम्हा सगळ्यांचे मामा, सर्वांना नमस्कार. मी लिहून आणलं आहे. तोंडपाठ बोलायला गेलो तर नक्की अडखळेन.

रविवार, चार मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. शर्यत चालू होती आणि मी कानाला हेडफोन लावून पडद्यावर मामांच्या फेऱ्यांच्या वेळा पाहत होतो. मी तिथूनच सुरुवात करतो. त्याआधीची मामांची शर्यतीतली एकोणीस वर्षं मालकांनी मघाशी माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

मामा टायर कसे जपतात, हे इथल्या नव्या मंडळींना ठाऊक असावं. नवा टायर पहिल्या काही फेऱ्यांत रस्त्याला घट्ट धरतो. तेव्हाच गाडी पळवण्याचा मोह होतो आणि बहुतेक जण टायर तिथेच संपवतात. मामा वळणाच्या थोडं आधीच वेग उतरवत. वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत, म्हणजे मागची चाकं घसरून रबर खरवडलं जाऊ नये. पुढच्या गाडीला फार वेळ चिकटून राहत नसत, कारण तिच्या मागच्या हवेत पकड सुटते. आपल्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवीकडची, त्यामुळे सगळ्यात जास्त मार मागच्या डाव्या टायरला. दुसरे संघ मामांना कंजूष म्हणायचे. मामी म्हणायच्या, "टायर जपतात हो, पण चपला दर दोन महिन्यांनी फाडून आणतात!" हसा, हसा, मामींनी परवानगी दिली आहे.

टायर केव्हा दगा देणार, हे मामांना कोण सांगत होतं? कोणीच नाही. त्यांना ते तळहातात आणि पाठीत कळायचं. उलट तेच आम्हाला रेडिओवर सांगायचे, "मागचा डावा अजून सहा फेऱ्या देईल." आणि तो सहाच द्यायचा.

त्या दुपारी रेडिओवर त्यांचा आवाज आला, "पोरा, मागचा डावा कसा आहे?"

मुख्य अभियंता हसले. म्हणाले, "म्हातारा आज तुझी परीक्षा घेतोय रे."

मला हसू आलं नाही. मामांनी असं कधी विचारलंच नव्हतं.

"ठीक आहे, मामा," मी म्हणालो. पुढच्या फेरीला त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. पडद्यावर टायरची उष्णता दिसते, फेरीची वेळ दिसते. रबर किती उरलंय ते दिसत नाही. शर्यत संपली तेव्हा त्या टायरच्या आतले धागे बाहेर आले होते. अजून दोन वळणं असती तर काय झालं असतं, हे मामींसमोर बोलवत नाही.

मामा उतरले. हातमोजे काढले. वाकून टायरवर तळहात ठेवला आणि मला विचारलं, "गरम आहे का रे?"

मी त्यांचा हात ओढून काढला. तळहात भाजला होता.

"कोणाला बोलू नकोस," ते म्हणाले. मग बादलीतल्या पाण्यात हात बुडवला. तो बाहेर काढताना स्वतःच म्हणाले, "नाही, सांगायलाच हवं. ट्रॅकवर माझ्या मागून पोरं येत असतात."

मानेत नस दबली आहे, हातातली जाणीव परत येणार नाही. डॉक्टरसाहेब, मी तुम्हाला दोनदा विचारलं, "थोडीसुद्धा नाही?" तुम्ही दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवलीत.

अशा प्रसंगी वक्त्याने पुढच्या सुखाच्या दिवसांबद्दल बोलायचं असतं. पण मामांनी काल मला दम दिला, "विश्रांती हा शब्द आणू नकोस. मी दमलेलो नाही." मालकांनी मोठेपणाने त्यांना नव्या मुलांना शिकवायची जागा देऊ केली. मामा म्हणाले, "जे मलाच कळेनासं झालंय, ते त्यांना कसं शिकवू?"

मला बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकलंत, मी सगळ्यांचा ऋणी आहे. कोणाचा उल्लेख राहिला असेल, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या.

मामांची परवानगी न घेता एक विनंती करतो. आता सगळे त्यांच्याशी हात मिळवायला याल. उजव्या हाताची जखम अजून भरलेली नाही. हलकेच धरा. जोरात दाबलात तर ते काही म्हणणार नाहीत. त्यांना कळणारच नाही.