नवस बापाचा, केस पोरीचे

बसा बाप्पा, सगळे बसा. हा माइक थोडा लांब धरा, माझा आवाज आधीच मोठा हाय. कुंदा सिस्टरच्या हार घातलेल्या फोटोकडं पाह्यलं की सांगाचं राहून जाईन, म्हणून मी तुमच्याकडं पाहूनच बोलते.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलती. मोठ्या गोष्टी मले येत नाईत. डॉक्टरसाहेबानं आत्ता सांगतलं, सिस्टरनं मनाच्या आजाराच्या वॉर्डात सारी नोकरी काढली. मी फक्त एका दुपारचं सांगते.

माझी नात तिथं भरती व्हती. मी तिच्यासंग राहे. कॉलेजातली हुशार पोट्टी. आधी तिची झोप गेली, मंग जेवण गेलं, मंग कोणी नसताना बोलाले लागली. आम्ही मुकुटबनकडचे, कापूस-तुरीतले लोक. तिचा बाप म्हणजे माझा लेक. तो घाबरला आन देवीले बोलून बसला, पोरगी बरी झाली तं तिचे केस वाहीन. केस कसे? कंबरेच्या खाली. त्यात ती माझ्यावर गेली. तिच्या मायचे पातळ हायेत. असो.

ती बरी व्हायची वाटही त्यानं पाह्यली नाई. नवस आधीच फेडला तं देवी लवकर ऐकन, असा त्याचा हिशेब. गावचे कटिंगवाले महादेवभाऊ, त्यायले बसमध्ये घालून थेट वॉर्डाच्या दारात घेऊन आला.

दारात सिस्टर उभ्या. महादेवभाऊच्या हातातली कात्री-वस्तऱ्याची पेटी पाहूनच समजल्या. माझा लेक म्हणे, पोरगी माझी हाय, तिले आता काय समजते? सिस्टर म्हणाल्या, “ती आजारी आहे, भाऊ. पण डोकं तिचंच आहे. विचारून येते.”

गेल्या. विचारलं. नात नाई म्हणाली. येऊन त्यायनं तसंच सांगतलं.

लेक तापला. साहेबाले सांगतो म्हणे. सांगा म्हणाल्या. मंग त्यायनं बसवून समजावलं. मनाच्या आजारात माणसाले साखळीनं बांधता येत नाई, त्याचे केस जबरदस्तीनं कापता येत नाईत, असा कायदाच हाय. आन म्हणाल्या, माझ्या ड्युटीत तिच्या केसाले कात्री लागली तं जबाब मले द्यावा लागन. कायदा म्हटल्याबरोबर महादेवभाऊ म्हणे, मी जरा चहा घेऊन येतो.

लेक म्हणे, मंग माझ्या नवसाचं काय?

“नवस कोण बोललं?”

“मी.”

“मग केस तुमचे द्या.”

आता माझा लेक कसा, तं खिशात कंगवा ठेवणारा. लग्नाच्या दिवशी नवरीपेक्षा जास्त वेळ आरशासमोर व्हता. पण देवीले दिलेला शब्द. बसला बिचारा वॉर्डासमोरच्या कडुनिंबाखाली, आन महादेवभाऊनं त्याचं डोकं साफ केलं. खिडकीतून नातीनं पाह्यलं आन हसली. किती दिवसानं हसली, बाप्पा!

मी कपडे आणाले त्याच्यासंग गावाले गेली, तं लोकायले वाटलं म्हातारी गेली. मी दारात उभी, आन बाया पदर तोंडाले लावून भेटाले येऊन राह्यल्या. एकीनं तं मलेच विचारलं, कधी झालं म्हणून.

वॉर्डात वापस आली तं मले वाटलं, नात हसली, आता केसाले हात लावू देईन, वेणी घालू देईन. कुठं? सिस्टर रोज विचारत, वेणी घालू का? ती नाई म्हणे. सिस्टर कंगवा ठेवून देत. मी म्हणे, धरून घाला ना, दोन मिनिटाचं काम. त्या म्हणत, घाई कायची हाय आजी? गोळ्या लागू पडत गेल्या. एक दिवस ती आपल्या मनानं त्यायच्यासमोर पाठ करून बसली. घाला म्हणाली. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगतलं, आपली पोरगी वापस आली.

सिस्टरची लेक समोर बसली हाय. माय, तुझ्या आईनं आमची पोरगी आमाले वापस दिली, एवढंच मले म्हणता येते. आन ह्या नर्सिंगच्या पोरी बसल्या हायेत, त्यायले सांगते. बाप येईन, आजी येईन, सगळे मायेनंच येतीन. तरी आधी त्या आजारी पोरीले विचारजा.

हे सांगाच्या आधी मी बी नातीले विचारलं. ती म्हणाली, सांग आजी, पण माझं नाव नको घेऊ. ती आज इथंच बसली हाय, माझ्यापासून लांब. आता सिस्टरसाठी उभे राहू. गुडघे दुखत असतीन त्यायनं बसूनच राहा. कोणती माझी नात, ते शोधू नका. सगळे डोळे मिटून घ्या.