गार लागलेली जमीन

सांगतो तुम्हाला, गवंडीकाम मी जन्मभर अनवाणीच केलं. नव्वदच्या सुमारास भाईंदरच्या एका पापडाच्या कारखान्यात मशीन बसवायला जमिनीत भोकं मारायची होती. पापड वाळवायला तिथे काँक्रीटच्या जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या पुरल्या होत्या. ड्रिलने नळी फुटली असती तर कढत पाणी भोक मारणाऱ्या माझ्या हाताखालच्या दत्तूच्या तोंडावरच उडालं असतं. म्हणून आधी मी पायांनी जमीन चाचपली.

“इथे गार आहे. मार भोक,” मी म्हणालो.

दत्तूने सहज हात टेकवला आणि झटकन उचलला. “काका, मस्करी करताय काय? इथे हात ठेववत नाही.”

“मला तर गारच लागतंय.”

त्याने ड्रिल बाजूला ठेवलं. मग मला बसवून त्याने माझ्या पायाचा तळवा वर केला. त्यात खिळा रुतला होता.

“काका, हा कधी घुसला?”

मला काय माहीत? मी तर सकाळपासून चालतच होतो.