सूनबाई शुद्ध बोलायला लागली

— नाही, नाही, नुसती मान हलवून चालणार नाही, मिशीवाले. तोंड उघडा. मी काही तुमचा जीव मागत नाहीये, दाढ मागतेय, आणि तीही किडलेली. क्रेन चालवता ना तुम्ही? तिकडे उंचावर बसून लोखंडाच्या तुळया इकडच्या तिकडे करता, आणि एवढीशी सुई बघून दातखीळ बसली? हे बघा, मी खोटं बोलत नाही — टोचेल. दुखेल. मग बधिर होईल. मग मी दाढ काढेन. स्पष्ट सांगितलं की माणसाच्या मनाची तयारी होते, असं आपलं माझं मत. काय? दाराकडे काय बघताय सारखे? अच्छा — तिला शोधताय. छोट्या डॉक्टरीणबाईंना. नाहीत त्या. येणारही नाहीत. मी आहे ना! तुम्हाला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून मी लोकांच्या दाढा काढतेय.

सून आहे ती माझी. हुशार आहे, ते मी कधी नाकारलं नाही, हातही हलका — पण बोलणं! अहो, कान किटायचे माझे. "बेसिकली काय झालंय ना काका, तुमच्या दाढेचा थोडा सीन झालाय." सीन! मुळाशी पू साठलाय, गाल फुगलाय, माणूस कळवळतोय, आणि ही म्हणते सीन. "लिटरली दोन मिनिटं, मग सगळं सॉर्टेड." सुरुवातीला 'सो', मधे पाच वेळा 'लाइक', शेवटी 'ना' — वाक्यात शिरायचं कुठून नि बाहेर पडायचं कुठून, पत्ता नाही. आणि मला काय म्हणायची, ठाऊक आहे? "अहो आई, चिल ना यार!" अहो आई — आणि यार! म्हणजे वाकून नमस्कारही करायचा आणि पाठीत धपकाही घालायचा, एकाच दमात. मी म्हटलं, बाई गं, मी सासू आहे तुझी, वर्गमैत्रीण नाही. तर हसायची! आता सगळीच पोरं असली बोलतात म्हणा — औषधाच्या दुकानातला, बँकेतली ती मुलगी — पण ती काही कुणाच्या तोंडात हात घालत नाहीत. उघडा. थोडंसं. बरं, राहू दे, जरा दम घ्या.

तर त्या दिवशी या खुर्चीत एक हेडमास्तर होते, निवृत्त, भारदस्त माणूस. आणि ही त्यांना म्हणते, "सर, हा दात ना, एकदम लॉस्ट केस आहे. याला आपण बाय म्हणू या, ओके?" हेडमास्तरांना! खरं सांगायचं तर हसले ते. आ वासून हसले — पण तो मुद्दा नाही. मी म्हटलं, त्यांच्यादेखत म्हटलं, "आधी बोलायला शीक, मग लोकांच्या तोंडात हात घाल." चुकलं माझं? मुळीच नाही. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आणि तिने काय केलं? भांडली? नाही. "ओके" म्हणाली. तो दात नीट काढला, हातमोजे काढले, आणि घरी गेली.

तेव्हापासून घरात काय चाललंय, ऐका. "आई, स्वयंपाक झाला आहे. आपण जेवायला बसावे." "आई, मी सोमवारपासून चौकातल्या नव्या दवाखान्यात रुजू होत आहे. आपली हरकत नसावी." आपण! नसावी! एक 'लाइक' नाही की एक 'यार' नाही. घरात माणूस नाही, सरकारी नोटीस बोलतेय. म्हणजे मी जे मागितलं तेच मिळालं की मला — तर आनंद व्हायला नको? झालाय. झालाय मला आनंद. पूर्वी भांडी आवरताना दिवसभराचं सगळं सांगायची, कोण पेशंट कसा ओरडला, नक्कल करून — मी दर वाक्याला अडवायचे, ती दर वाक्याला मला ओलांडून पुढे जायची. आता भांडी झटक्यात आवरून होतात. बरंच झालं, वेळ वाचतो. मुलाला विचारलं तर म्हणतो, "तुमचं तुम्ही बघा" — तो शहाणा, अगदी बापावर गेलाय. मी सॉरी म्हणणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणा हवं तर. दवाखाना मला एकटीला झेपतो. आज सकाळी एक चिमुरडी आली, मी तिला खरं ते सांगितलं, टोचेल म्हटलं — तर खुर्चीतून उतरली आणि आईला म्हणते कशी, "ही नको, ती गंमतवाली हवी." गंमतवाली! ती काय करायची माहितेय? नुसती बडबड — "ओके चॅम्प, सुपर, आता छोटूसा मुंगीचा चावा, अरे तू तर रॉकस्टार निघालास" — आणि सुई आत जाऊन बाहेरसुद्धा यायची, पोराला कळायचंही नाही. इथून बघायचे ना मी. फालतू शब्द. फालतूच. पण समोरच्याचं अंग सैल पडायचं. माझ्यापुढे कुणाचं पडत नाही. — अहो, रडताय काय? एवढे मोठे तुम्ही. दुखतंय ते कळतंय मला. उघडा ना तोंड.

कोण आहे? — तू होय. ये. तुझं सामान न्यायला आलीस ना, कपाटात आहे, पुसून ठेवलंय सगळं. "धन्यवाद, आई" — ऐकलंत, मिशीवाले? धन्यवाद! अगं, थांब. तो खोका ठेव खाली. हे मघापासून दात आवळून बसलेत, गाल बघ केवढा झालाय, दाढ आजच निघायला हवी आणि माझं काही ऐकत नाहीत. घे हे हातमोजे. त्या दिवशीचं एक अक्षर मी मागे घेणार नाही हां, आधीच सांगते — पण बोल यांच्याशी. नाही, 'आपण घाबरू नये' नको. तसं नको गं. तुझं बोल. कसंही बोल, पण बोल. — आणि तुम्ही माझ्याकडे काय बघताय? तिच्याकडे बघा.