हॅमिशचं एकेक पीस

तामाती : ते काही नाही, मोराग. काल रविवारी तू अपडेट घातलंस आणि तेव्हापासून सर्व्हरची गोगलगाय झालीय. काढून टाक ते.

मोराग : आधी तो चीज रोल बाजूला धर. लोणी गळतंय माझ्या कीबोर्डवर.

तामाती : माझी ॲनिमेशन फिल्म शुक्रवारी सकाळी तयार होणार होती. आता सर्व्हर म्हणतोय, शनिवारी रात्री! आणि शनिवारी संध्याकाळी स्टुअर्ट बेटावर बाबांचा निरोप समारंभ. सगळं बेट जमणार हॉलमध्ये. त्यांना काय नुसता पांढरा पडदा दाखवू?

मोराग : दाखव की. धुकं म्हणून खपेल. तिथे कुणाला नवल वाटायचं नाही.

तामाती : तुला थट्टा सुचतेय! बाबांनी अख्खी नोकरी त्या काकापो पोपटांची राखण करण्यात घालवली. आम्हा भावंडांचे वाढदिवस विसरायचे, पण कुठलं पाखरू कधी घरट्यावर बसलं ते तोंडपाठ. त्यांचा लाडका हॅमिश गेला, तेव्हापासून माणूस गप्पच झालाय. एकदा, फक्त एकदा, मला त्यांना तो चालताना दाखवायचाय.

मोराग : एवढा खटाटोप एका लठ्ठ, उडता न येणाऱ्या पोपटासाठी?

तामाती : बाबांसमोर लठ्ठ म्हणू नकोस. भारदस्त म्हण.

मोराग : बरं, भारदस्त. पण अपडेटने माहितीवर बसवलेले पहारे मी उतरवणार नाही, सांगून ठेवते.

तामाती : अगं, कसले पहारे? डनेडिनमधली ही जुनी इमारत, त्यात आपण चार भाडेकरू. कोण दरोडा घालतंय इथे?

मोराग : चौघांचं काम एकाच प्रोसेसरवर चालतं, राजा. खालच्या मजल्यावर जिलियनचा दातांचा दवाखाना, तिच्या सगळ्या पेशंटची माहिती त्यातच. तू अक्कलदाढ काढून घेताना तिच्या बोटाला चावलास, तेही असेल.

तामाती : ते लिहून ठेवलंय तिने?

मोराग : बघ, कसं चटकन पटलं तुला पहाऱ्याचं महत्त्व!

तामाती : पण पहाऱ्याने वेग का कमी व्हावा?

मोराग : आपली कोपऱ्यावरची कॅफेवाली आहे ना, तू रस्ता ओलांडताना दिसलास की ती तुझी कॉफी करायला घेते. तू आत आलाच नाहीस, तर ओतून देते. प्रोसेसरही तसाच. पुढे काय लागेल ते ताडून आधीच करून ठेवतो, म्हणून तर एवढा झटपट.

तामाती : मग बिघडलं कुठे?

मोराग : ओतून दिली तरी कपाला वास राहतोच की. शेजारच्याने कप हुंगला, की त्याला कळलं तू काय पितोस. म्हणून आता काउंटरवर जो येईल त्याच्यामागे कप धुवायचा, असा नियम झालाय. धुवायचं म्हणजे वेळ जाणारच.

तामाती : म्हणजे जिलियनच्या पेशंटपायी माझा हॅमिश अडकला.

मोराग : पहाऱ्याने एवढा वेळ जावा, तेच तर मला पटेना. म्हणून सकाळी तुझं काम कपाटातल्या जुन्या मशिनवर लावून पाहिलं. नेटची वायर काढून, पहारे उतरवून. तिथे दुसरं कुणी नाही, तेव्हा काळजी नाही. पळालं भराभर.

तामाती : बघ! मी काय म्हणत होतो!

मोराग : थांब, नाचू नकोस. चित्रं रंगवणारा प्रोग्रॅम आपल्या टेबलावर खाली मान घालून राबतो. त्याने काउंटरवर, म्हणजे सिस्टिमकडे काही मागायला, जायचंच कशाला? पहाऱ्याचा त्याला जाच होऊ नये. आणि तुझा प्रोग्रॅम तर सारखा तिथेच उभा. काय मागतोय एवढं?

तामाती : ...पिसं.

मोराग : काय?

तामाती : हॅमिशची पिसं. प्रत्येक पिसाची वेगळी फाइल आहे.

मोराग : अंगावर हजारो पिसं असतील त्याच्या!

तामाती : आहेत.

मोराग : आणि प्रत्येक चित्रासाठी ती सगळी पुन्हा उघडतोस? अरे, साखरेच्या दाण्या-दाण्यासाठी काउंटरवर फेऱ्या मारतोयस तू! आणि दोष माझ्या अपडेटला!

तामाती : बाबांनी त्याच्या गळलेल्या पिसांचे फोटो काढून ठेवलेत. एकेकाला नाव दिलंय. 'डाव्या पंखातलं वाकडं.' 'पावसाच्या दिवशी सापडलेलं.' त्यावरूनच मी एकेक पीस काढलं. सगळी एकात कोंबायला हात धजेना. वाटलं, हरवतील त्यात. वेडेपणा आहे, कळतंय मला.

मोराग : आहेच वेडेपणा. पण तुझ्या बाबांना साजेसा आहे. हे बघ, नावं तशीच ठेवू. सगळ्या पिसांची मिळून एक फाइल करू, सुरुवातीला एकदाच उघडायची आणि शेवटपर्यंत जवळ बाळगायची. एकही पीस हरवणार नाही. मी बसते तुझ्याबरोबर.

तामाती : आणि पहारे?

मोराग : जागच्या जागी. जिलियनचं बोटही सुरक्षित आणि तुझी अब्रूही. सरक तिकडे, खुर्ची दे मला.

(त्याच दिवशी, संध्याकाळी.)

तामाती : मोराग! शुक्रवार म्हणतोय! शुक्रवारी सकाळी!

मोराग : ओरडू नकोस, खाली लोकांचे दात चाललेत. पहिला तुकडा झालाय का? लाव बघू.

तामाती : हा बघ. ओढ्याकडच्या वाटेने येतोय.

मोराग : अगंबाई... असा डुलत चालायचा तो?

तामाती : अस्साच. बाबा चालून दाखवायचे आम्हाला, स्वयंपाकघरात.

मोराग : तामाती, तुझे बाबा रडणार रे.

तामाती : माहितेय. तू का डोळे पुसतेयस? थांबवू का?

मोराग : नको, नको. येऊ दे त्याला.