भरल्या ताटावरून

मंडळी, एक सांगा! घरातला माणूस गप्प झाला, तर ते पुण्य की संकट? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! ...नाही ना येत? टाळ खाली ठेवा. ऐका.

विश्वनाथरावांचं गूळ-शेंगांचं दुकान. तोंड सदा चालू! अशा माणसानं चातुर्मासात व्रत घेतलं — मौनभोजनाचं. ताटावर बसले की अवाक्षर नाही! त्यांची आई राधाक्का गावभर सांगत सुटल्या, "माझा विसू सुधारला!" बायको मंजुळा म्हणायची, "निदान जेवताना तरी शेंगांचा भाव ऐकायला लागत नाही."

त्या दुपारी मंजुळेनं विचारलं, "अहो, आमटी वाढू?"

उत्तर नाही. व्रतच ते! पण एरवी हातानं खूण असायची — आण, पुरे. आज खूणही नाही. उजव्या हातातला घास पडला. पुन्हा उचलला — पुन्हा पडला. मग डावा हात ताटाकडे निघाला!

"विसू! डाव्या हातानं जेवतोस?" राधाक्का ओरडल्या.

मंजुळा त्यांच्या पुढ्यात येऊन बसली. "अहो, बोला काहीतरी."

"गप गं! व्रत मोडायला लावतेस?"

"बोला म्हणते ना!"

ओठ हलले. "त... त..." बस्स!

मंजुळेची धाकटी बहीण तालुक्याला नर्स. तिला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, भावोजींना हसायला सांग."

हसायला! इथे प्राण कंठाशी आलेत, आणि हसायला! तरी मंजुळा म्हणाली, "हसा ना जरा." ते हसले — अर्धेच. ओठांचा उजवा कोपरा लोंबतच राहिला.

"ताई, उठव त्यांना! तोंडात पाण्याचा थेंबही घालू नकोस. मोठ्या दवाखान्यात ने, आत्ता!"

राधाक्का दारात आडव्या. "भरल्या ताटावरून उठवतेस? अन्नाचा शाप लागेल!"

थांबा. कथा इथेच मोडतो. या कवटीत, मंडळी, अख्खं गाव वसलंय! कपाळामागे पंच — काय करावं, काय टाळावं. मानेच्या वर तोल सांभाळणारा. खाली मेंदूच्या देठात श्वास आणि काळजाचा ठोका. डोळे पुढे, पण बघणारा पार मागच्या भिंतीला! खिडक्या पुढच्या अंगाला, मालक परसात — हसा, हसून घ्या! आत खोलवर बदामाएवढी भीतीची पहारेकरीण. आणि डावीकडे, शेजारी शेजारी, दोन घरं : एकात बोलणं, दुसऱ्यात उजवा हात. रक्ताची गुठळी अडकली, त्या गल्लीचं पाणी तुटलं. शब्द गेला, घासही गेला! पाण्यावाचून घर किती वेळ तगेल? आणि आपण — व्रताचं कौतुक करतोय!

मंजुळेची पहारेकरीण किंचाळत होती. पंच पुटपुटत होता — सासू, शाप, लोक काय म्हणतील...

तिनं सासूचा हात धरला. "आई, शाप मला लागू दे. सरा."

शेजाऱ्याची रिक्षा. खड्डे. "अहो, माझं नाव काय?" — फाटक बंद. मालगाडी. डबे संपेनात! — "माझं नाव सांगा ना!" — ते नुसते बघताहेत — फाटक उघडलं — "अहो..." —

डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत, औषध देता आलं. जीव वाचेल. शब्द किती परततील, ते आज सांगता येत नाही."

काही दिवसांनी, घोट गिळता यायला लागल्यावर, ओठ पुन्हा हलले. "मीठ."

राधाक्का आनंदानं उठल्या. "मीठ मागतोय!"

विश्वनाथरावांनी मान हलवली. नाही, नाही. "मीठ... मीठ!" आपण चुकतोय हे कळत होतं, डोळे भरून आले. मंजुळेनं त्यांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. पाण्याचा पेला पुढे केला. ते घटाघटा प्याले.

मंडळी, शब्द मिठाचा, तहान पाण्याची! हे ओळखायला कान पुरत नाहीत; समोर बसावं लागतं. तुमच्या घरात कोण गप्प आहे? "फार गुणी हो, उलटून बोलत नाही" असं कुणाचं कौतुक करता? आज त्याच्यासमोर बसा. चेहरा बघा. आणि उत्तर आलं नाही, तर हात जोडू नका —

उठा!