घरी जाऊन म्हणायचा स्वर

अरे, मी नगरला नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवतो ना, तिथलं परवाचं सांगतो. ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायची, असा एक स्वर आहे. म्हटलं, घरच्यांसमोर म्हणा, ते हसले की जमलं समजा. शिवाय घरी कोण काय करतं, यावर पाच सोपी वाक्यं लिहा.

पाथर्डीकडच्या अश्विनीने एकच वाक्य आणलं. 'घरी कोणी नाही.'

मी चिडलो. "आळस नको. आई काय करते, वडील काय करतात, लिही."

"सर, दोघंबी ऊस तोडायला गेल्यात. पाडव्यालाच येतील."

मी जरा ओशाळून विचारलं, "आणि तो स्वर?"

"लई येळा म्हणला, सर. पण जमला का ते कळंना. हसायला कोणीच नव्हतं."